लाभार्थी म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, चहा पण अर्धाच प्यायले. एका कंपनीच्या सीएसआर टीममधून, म्हणजे कंपनीचा समाजकामाचा पैसा बघणाऱ्या लोकांकडून, फोन, "मॅडम बेनिफिशियरी स्टोरी अजून आली नाही, आणि त्या ट्रॅक्टरवाल्या काकांचा फोटो परत काढा ना, शर्ट फार नवीन दिसतोय." शर्ट. नवीन. दिसतोय!

ते ट्रॅक्टरवाले काका म्हणजे माझे सख्खे चुलते. मी ज्या संस्थेत रिपोर्ट लिहिते तिने गेल्या उन्हाळ्यात आमच्याच गावच्या पाझर तलावातला गाळ काढला. जेसीबीचे पैसे कंपनीचे, गाळ वाहायला ट्रॅक्टर गावातले. काकांनी अकरा दिवस ट्रॅक्टर दिला, डिझेल घरचं, वर जेसीबीच्या ड्रायव्हरला दोन्ही वेळा काकूच्या हातचं जेवण. आणि रिपोर्टात काका कोण? लाभार्थी. कंपनी कोण? चेंजमेकर!

बरं कंपनीचे हे पैसे म्हणजे दान नाहीये हो. 2013 चा कंपनी कायदा, कलम 135, 1 एप्रिल 2014 पासून लागू. नेटवर्थ 500 कोटी नाहीतर उलाढाल 1000 कोटी नाहीतर नफा 5 कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचेच. 2021 पासून तर उरलेले पैसे स्वतःकडे ठेवताही येत नाहीत, ठरलेल्या खात्यात नाहीतर फंडात टाकावे लागतात. घरपट्टी भरून आल्यावर कोणी 'आज ग्रामपंचायतीला गिव्ह बॅक केलं' म्हणून बॅनर लावतं का?

या क्षेत्रात आले तेव्हा पहिले सहा महिने मला भाषाच कळत नव्हती. गाव म्हणायचं नाही, कम्युनिटी. बायका ओट्यावर बसून बोलल्या की कॅपॅसिटी बिल्डिंग. तलाव खोल झाला हे आउटपुट, विहिरीला पाणी वाढलं हे आउटकम, आणि त्या पाण्यावर कुणाची पोरगी कॉलेजला गेली तर तो इम्पॅक्ट. मग काकांचे अकरा दिवस कुठायत? शेवटून तिसऱ्या पानावर, टेबलात, 'कम्युनिटी कॉन्ट्रिब्यूशन'. एवढा चांगला श्रमदान शब्द आहे आपल्याकडे, पण त्यात देणारा गाव होतो ना, मग लोगो कुणाचा लावणार.

आणि सीएसआरला मराठीत काय म्हणतात, सामाजिक उत्तरदायित्व. म्हणजे उत्तर द्यायची जबाबदारी. मी आजवर उत्तर देताना फक्त आम्हालाच बघितलंय, दर तिमाहीला, फोटोसकट.

हां, कंपनीचे पैसे नसते तर जेसीबी आला नसता, मान्य. फोन करणारी पोरगी पण बिचारी चोवीस-पंचवीसची असेल, दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, सॉरी मॅडम वरून सांगितलंय. तिच्यावर तरी काय चिडायचं.

मग काकांना फोन लावला. म्हटलं काका, रिपोर्टात तुम्ही लाभार्थी आहात. जोरात हसले. "अगं माझं रान तलावाच्या वरच्या अंगाला, पाझरून पाणी जातंय खाली, मला कसला लाभ?" हे मला माहीत नव्हतं का? लहानपणी त्याच रानातून खाली तलावावर पळत जायचो आम्ही. तरी काकांचं नाव त्या रकान्यात टाकलं कोणी, तर मीच. डेडलाइन होती, देणाऱ्याचा रकाना फॉर्ममध्ये नव्हता, टाकलं. आता कुणावर ओरडू?

शर्टाचं सांगितलं तर म्हणाले, "नवा कुठला, तुझ्या लग्नातला आहे. तू फोटो काढणार म्हणून तुझ्या काकूनं इस्त्री करून दिला होता."

स्टोरी अजून लिहिलेली नाहीये. फोटो तोच पाठवलाय.