गोव्याच्या उन्हात लेट्यूस कशाला?
बागकामावरच्या एका लेखात मे महिन्यात लावायला लेट्यूस (सॅलडचा पाला), थाइम आणि बेझिल (दोन्ही स्वयंपाकातले सुगंधी पाले) सुचवलंय. बेझिल ठीक, आपल्या तुळशीचंच भावंड ते. तुरे दिसले की खुडत राहायचं, नाहीतर नवी पानं धरत नाही. लेट्यूस मात्र आमच्या म्हापशाकडच्या उकाड्यात सरळ फुलाचा दांडा काढतं आणि कडू होतं. थाइम ऊन सोसेल, पण जूनच्या पावसात मुळं कुजतात. कुंडीत भरपूर वाळू घाला आणि ती पागोळीपासून लांब ठेवा. नवीनच काही हवं तर लांब, कातरी पानांची मेक्सिकन कोथिंबीर लावा. माडाखालच्या सावलीत मजेत वाढते. वास भलताच उग्र, आमटीत निम्मीच टाका. मुळाशी नारळाची सोडणं पसरली की पाणीही कमी लागतं. बाकी, लेखातल्या उन्हाळी भाज्यांत तांबडी भाजी (लाल माठ) कशी काय सुटली?