दिरांच्या संशयाला 'हो' म्हणायचं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. शेजारी सोसायटीच्या टाकीत विष कालवतात, असं तुमच्या दिरांना वाटतं. तुम्ही पाणी तपासून आणलंत, रिपोर्ट समोर ठेवलात, तर 'लॅबवाल्यालाही पैसे चारलेत' म्हणाले. आणि मी माझ्या आधीच्या लेखात लिहिते, अशा संशयी माणसाशी वाद घालू नका. 'म्हणजे खोट्याला मान डोलवायची? बँकेचा हिशोब चोख ठेवणारा माणूस आजारी कसा? हे ढोंग आहे,' असं तुम्ही विचारलंत.

ढोंग नाही, ताई. बुद्धी शाबूत राहून भ्रम, म्हणजे पुरावा दाखवूनही न हलणारी खोटी खात्री, असू शकतो. लंडनचा चहाचा व्यापारी जेम्स टिली मॅथ्यूज १७९७ मध्ये बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाला. एक टोळी 'एअर लूम' नावाच्या यंत्रातून वायू सोडून आपल्या मनाचा ताबा घेते, अशी त्याची खात्री होती. घरच्यांनी १८०९ मध्ये सुटकेसाठी धडपड केली, तेव्हा दोन डॉक्टरांनी त्याला तपासून शहाणा ठरवलं. तो आजारी आहे हे पटवायला इस्पितळाच्या जॉन हॅस्लम यांना १८१० मध्ये अख्खं पुस्तक लिहावं लागलं. त्याच मॅथ्यूजने तिथे राहून नव्या इस्पितळाचे आराखडे काढले आणि त्याबद्दल त्याला ३० पौंड मिळाले. हा माणूस इंग्लंड-फ्रान्स तहाच्या खटपटीत खरोखर पडला होता, फ्रान्समध्ये कैदेतही होता. भ्रम आपला माल बहुतेक वेळा जगलेल्या आयुष्यातूनच उचलतो. तुमच्याकडे पाण्यावरून पूर्वी भांडण झालं होतं का, ते जरूर आठवून बघा.

पाण्याला येणारा क्लोरीनचा वास, जिन्यात शेजाऱ्याने टाकलेली नजर, हे आपण सोडून देतो. दिरांच्या मेंदूत मात्र अशा प्रत्येक गोष्टीला भलतंच वजन येतं. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या बिघाडाशी त्याचा संबंध जोडला जातो. त्या सगळ्याचा अर्थ लावायला त्यांना कटाची गोष्ट सापडलीय. मग रिपोर्टही त्या गोष्टीतच जाऊन बसतो.

म्हणून 'हो' म्हणू नका आणि 'खोटं आहे' हेही रोज सुनावू नका. 'मला तसं वाटत नाही, पण या भीतीने तुमची झोप उडालीय, ते दिसतंय,' एवढं म्हणता येतं. त्यात तुम्ही खोटं काहीच बोलत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य वाचून मला खरी काळजी वाटली. सासूबाई दिरांना नकळत चहातून गोळी देतात, हे. हे लपवून देणं थांबायलाच हवं. ज्याला आपल्या पाण्यात कुणीतरी काही घालतंय अशी भीती आहे, त्याच्या चहात आपणच औषध घालतोय. एक दिवस तळाशी भुकटी दिसली, की त्यांचा संशय खरा ठरला, आणि तोही घरच्यांवर. मात्र गोळी परस्पर बंद करू नका; काही गोळ्या एकदम तोडल्या तर त्रास होतो. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करून सगळं सांगा आणि हे कसं थांबवायचं ते विचारा.

'तुम्हाला वेड लागलंय, चला' म्हटलं तर ते येणार नाहीत. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे चला म्हटलं, तर कदाचित येतील. थायरॉइड, बी-१२ आणि चालू असलेली इतर औषधं तपासायला सांगा; संशयामागे कधीकधी शरीराचंही दुखणं असतं. ते अजिबात तयार नसतील, तर तुम्ही स्वतः टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मात्र शेजाऱ्यांना मारण्याची भाषा सुरू झाली, किंवा दिरांनी पाणी पिणंच सोडलं, तर समजावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.