एका युरोचा किल्ला आणि नंदूकाकांचं खातं

भाचा हॅनोवरला नोकरीला लागला आणि नंदूकाका उन्हाळ्यात त्याच्याकडे राहून आले, तेव्हापासून ते जर्मनीला ‘आमच्याकडे’ म्हणतात. मारियनबुर्गचा किल्ला त्यांनी पार्किंगमधून पाहिलाय. आत गेले नाहीत, कारण तिकीट होतं. तेवढ्या भांडवलावर कट्ट्यावरचा हॅनोवर विभाग त्यांच्याकडे आहे.

परवा त्यांनी ग्रुपवर हॅनोवरच्या राजघराण्यातल्या युवराजांच्या लग्नाचा फोटो टाकला. २०१७ चा, मार्केट चर्चबाहेरचा. खाली लिहिलं होतं, ‘ज्या मुलाने बापाचा किल्ला एका युरोला फुंकला!’ बापाने नावावर करून दिलेला मारियनबुर्ग हा पोरगा एका युरोत सरकारला द्यायला निघाला होता, त्यावरून. संध्याकाळी बबनच्या टपरीवर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं.

“फुंकला कसा?” ओंकारने विचारलं. त्याची सीएची आर्टिकलशिप चालू आहे, त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्याला ताळेबंद लागतो. “दुरुस्तीचा अंदाज २ कोटी ७० लाख युरोंचा होता. म्हणजे त्या किल्ल्याची किंमत उणे झाली की.”

“किंमत!” काका उसळले. “अरे, हॅनोवरच्या जॉर्ज राजाने राणी मेरीला वाढदिवसाला दिलेला किल्ला तो! राजाला दिसत नव्हतं, तरी बायकोसाठी डोंगरावर महाल बांधला. प्रेम म्हणतात याला.”

“आणि राणी राहिली किती दिवस?” वंदनाताई चष्मा पुसत म्हणाल्या. ताई दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालमत्तेची भांडणं टेबलावरून गेल्यामुळे त्यांना कुठलंच घराणं मोठं वाटत नाही.

काका गप्प. कारण उत्तर सगळ्यांना पाठ आहे, त्यांनीच करून घेतलंय. १८६६ ला राजाने ऑस्ट्रियाची बाजू धरली, प्रशियाने अख्खं राज्य खालसा केलं, पुढच्या वर्षी राणीही ऑस्ट्रियात गेली. बांधकामसुद्धा धड पुरं झालं नव्हतं.

“आपलं सातारा १८४८ ला घेतलं तसंच,” सुध्या म्हणाला. तो कुठल्याही विषयात सातारा आणतो. सासुरवाडी आहे.

“साताऱ्याला निदान दत्तकाची सबब तरी दिली होती,” ताई म्हणाल्या. “प्रशियाच्या बिस्मार्कने तेवढाही कागद रंगवला नाही.”

काकांनी मग नेहमीप्रमाणे वंशावळ काढली. राजा अर्न्स्ट आउगुस्ट, मग हा जॉर्ज, मग १८४५ चा अर्न्स्ट आउगुस्ट, १८८७ चा अर्न्स्ट आउगुस्ट, ज्याने कैसरची मुलगी केली, १९१४ चा अर्न्स्ट आउगुस्ट, १९५४ चा म्हणजे भांडणारा बाप, आणि १९८३ चा आपला युवराज.

“शाळेत हजेरी कशी घेत असतील हो?” बबन आतून म्हणाला.

“हसू नका. व्हिक्टोरिया राणी याच घराण्यातली. इंग्लंडला तिथूनच राजे गेले, १७१४ ला. १८३७ पर्यंत दोन्हीकडे एकच राजा. व्हिक्टोरिया गादीवर आली आणि हॅनोवर वेगळं झालं, कारण तिथे पुरुष वारस असताना बाईला गादी नाही. तिच्या काकाने घेतलं.”

“म्हणजे बाई पुढे अख्ख्या हिंदुस्थानची सम्राज्ञी झालेली चालली, हॅनोवर तेवढं झेपलं नसतं तिला,” ताई म्हणाल्या. “आणि घेतलं कोणी? काकाने. काका लोकांचं सगळीकडे सारखंच.”

यावर नंदूकाकांचा चेहरा पडला, कारण चिपळूणच्या आमराईवरून त्यांच्या पुतण्याने त्यांना नोटीस पाठवलीय. हे ताईंना माहीत होतं. त्या चहा पीत राहिल्या.

सुध्याला वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, “पण मला सांगा, पोराने चूक केलीच ना? बापाने जिवंतपणी सगळं नावावर करून दिलं, आणि हा परस्पर सरकारला द्यायला निघाला. लग्नालाही बापाची संमती नव्हती.”

“घराण्याचा नियम आहे!” काकांना पुन्हा जोर आला. “कुलप्रमुखाची संमती लागते. ऐन लग्नाच्या तोंडावर बापाने जाहीर केलं, संमती नाही म्हणून. गेलेही नाहीत लग्नाला. तत्त्वाचा माणूस.”

“तत्त्व सुनेबद्दल होतं का?” ताईंनी विचारलं. “ती रशियात जन्मलेली, फॅशन डिझायनर, तिच्याबद्दल एक अक्षर नाही. सगळा राग मालमत्तेचा. संमती सातबाऱ्यासाठी अडवली होती, काका. आणि या तत्त्वाच्या माणसाची स्वतःची पहिली बायको कुठे राजकन्या होती?”

“दुसरी होती! मोनॅकोची कॅरोलिन! १९९९ ला. एलिझाबेथ राणीची रीतसर परवानगी काढली, आणि कॅथलिक मुलीशी लग्न केलं म्हणून इंग्लंडच्या गादीवरचा हक्क गेला. प्रेमासाठी सिंहासन सोडलं!”

“त्याचा नंबर लागायला आधी अर्धं लंडन रिकामं व्हावं लागलं असतं,” ताई म्हणाल्या. “मीपण नाटोचं सरचिटणीसपद सोडलंय, मुलांसाठी.”

ओंकारला मधेच शंका आली. “पण राजेशाही गेली ना तिथे? मग हा युवराज कसा?”

“१९१९ च्या राज्यघटनेत विशेषाधिकार गेले. पदव्या आडनावात जमा. म्हणजे ‘हॅनोवरचा राजपुत्र’ हे ओळखपत्रावरचं आडनाव. आपल्या सुध्यासारखं,” ताई म्हणाल्या.

सुध्याचं आडनाव इनामदार. वन आरके, भाड्याने.

“तेवढं काढायची गरज नव्हती,” सुध्या म्हणाला. मग ताईंनी त्याला भजी मागवली.

आता ओंकार पेटला होता. त्याचं म्हणणं, मुलाने शहाणपणाच केला. पुढे किल्ला फाउंडेशनकडे गेला म्हणजे लोकांचाच झाला. आणि बापाने ‘घोर कृतघ्नता’ म्हणून भेट परत मागणारा दावा लावावा, हा कुठला न्याय?

“तिथल्या कायद्यात तसं कलम आहे,” ताई म्हणाल्या. “आपल्याकडे नोंदणीकृत बक्षीसपत्र नुसत्या रागावर फिरवता येत नाही. मात्र सांभाळण्याच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३. त्यासाठी रडत आलेले म्हातारे मी पाहिलेत. त्यांच्याकडे या बापासारखा ऑस्ट्रियात शिकारीचा बंगला नव्हता. पण तू पोराला संत करू नकोस, ओंकार. २००५ ला घराण्याने याच किल्ल्यात लिलाव केला. वीसेक हजार वस्तू. ताटं, तलवारी, चित्रं. सुमारे ४ कोटी ४० लाख युरो आले. १३ वर्षांनी म्हणतात, छपराला पैसे नाहीत. सामान विकलं ते खाजगी, गळती निघाली ती सार्वजनिक. एक युरो घेतला म्हणून त्याग होतो का? बिल करदात्याला दिलं आणि वर टीप मागितली.”

ओंकारकडे याचा ताळेबंद नव्हता. माझ्या मते विषय इथेच संपला होता, पण काकांना हरायची सवय नाही.

“काही म्हणा, रक्तात राजेपण असतं. चाल, बोलणं, वागणं...”

“कुणाचं?” ताईंनी शांतपणे विचारलं. “थोरल्यांचं? २००० साली हॅनोवरच्याच जागतिक प्रदर्शनात तुर्कस्तानच्या दालनापाशी काय केलं होतं त्यांनी? फोटो आला होता पेपरात.”

सुध्याला माहीत नव्हतं. ओंकारने मोबाइलवर शोधलं, वाचलं, आणि चहा त्याच्या नाकातून आला. सुध्याने मोबाइल हिसकावला. मग तो उठून टपरीच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला, तिथे बबनने लावलेल्या देवांच्या टाइल्स मोजून आला आणि म्हणाला, “तुर्कांनी एक साईबाबा लावायला हवे होते.”

काका पण हसले. आधी अंग चोरून, मग ठसका लागेपर्यंत. बबनने त्यांना पाणी दिलं आणि त्याच हाताने वही पुढे केली. मार्चपासूनची बाकी.

“काका, हे खातं भाच्याच्या नावावर करू का?”

“त्याची संमती लागेल,” ताई म्हणाल्या.