आडनावावरून गाव, भाषा, जात आणि भाऊकी कळते? सीमाभागात फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

लग्नसराई जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: आडनावात 'कर' असेल तो मराठी, नुसतं गावाचं नाव किंवा शेवटी 'मठ', 'नवर' असेल तो कानडी. आडनावातलं गाव हेच घराण्याचं मूळ गाव. एक आडनाव म्हणजे एक भाऊकी. पाटील, देसाई, देशपांडे म्हटलं की जात कळली. आणि कदम म्हणजे हलशीच्या कदंब राजांचे वंशज.

हे वाचून लोक सोयरिकी पुढे नेतात किंवा मोडतात, आडनावबंधूच्या जमिनीत आपला हिस्सा निघतो का ते पाहायला तहसीलला खेटे घालतात. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

'आडनावातलं गाव हेच मूळ गाव' हा त्यातला सगळ्यात पटणारा दावा, आणि सगळ्यात जास्त फसवणाराही. गावावरून पडलेलं आडनाव साधारणपणे गाव सोडल्यावर पडतं. कडोलीत सगळेच कडोलीचे, तिथं कुणाला कडोलकर म्हणून काय ओळख पटणार? तो माणूस बेळगावच्या पेठेत किंवा दुसऱ्या गावात राहायला गेला की तिथले लोक त्याला कडोलकर म्हणू लागतात. म्हणजे हे आडनाव घराण्याचा शेवटचा मुक्काम सांगतं. त्याआधी ते घराणं कडोलीत दहा पिढ्या होतं की एकच पिढी, हे त्यातून कळत नाही. दोन पिढ्यांपूर्वी कोकणातून घाट चढून आलेला माणूसही कडोलीत राहून पुढे बेळगावला गेला की कडोलकरच झाला.

त्यात गावाचं नाव आडनावात शिरताना बदलतं. शेवटचा 'ई' बहुधा गळतो: कडोली–कडोलकर, बेळगुंदी–बेळगुंदकर, जांबोटी–जांबोटकर. पण निपाणीचा निपाणीकरच राहतो. शेवटचा 'आ' असेल तर त्याचा बहुधा 'ए' होतो: हलगा–हलगेकर, हिंडलगा–हिंडलगेकर, मुतगा–मुतगेकर. त्यामुळे आडनावावरून उलट गावाकडे जाताना एकापेक्षा जास्त गावं हाती लागतात. सुळगेकर घ्या. बेळगाव तालुक्यातच एक सुळगा येळ्ळूरकडे आणि दुसरं उचगावकडे. कंग्राळीही दोन, बुद्रुक आणि खुर्द, पण आडनावात बुद्रुक-खुर्द येत नाही. बेळगावात भेटणाऱ्या शिरोडकरांचं शिरोडा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं की वेंगुर्ल्याजवळचं, हे घरच्यांनाच विचारावं लागतं. दोन शिरोडकर घरांचं कुळदैवत वेगळं निघालं तर त्यात नवल नाही.

नामवंतांची नावं लावून पाहिली तरी हा नियम टिकत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा जन्म धारवाडजवळच्या मन्सूर गावचाच, तिथं नियम बसला. पण कन्नड साहित्यिक विनायक कृष्ण गोकाक यांचं आडनाव बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकचं, तर जन्म १९०९ साली सावनूरचा. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा आणि घराचं आडनाव कोमकळीमठ. त्यात सुळेभावी कुठेच नाही.

हेच आडनाव भाषेच्या मुद्द्यालाही उत्तर देतं. पुढे वापरात ते 'कोमकली' असं आखूड झालं आणि 'मठ' गेला. मजकुरातल्या नियमाप्रमाणे मग या घराचं कानडीपणही गेलं म्हणायचं का? दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी, आणि आधुनिक कन्नडचे सर्वांत मोठे कवी म्हणून ज्यांचं नाव घेतात तेही तेच. काँग्रेसची स्वयंसेवक संघटना हिंदुस्थानी सेवा दल उभं करणारे नारायण सुब्बाराव हर्डीकर यांच्या आडनावात स्वच्छ 'कर' आहे, जन्म धारवाडचा आणि सार्वजनिक आयुष्य बहुतेक कर्नाटकातलं. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे यांना लोक कर्नाटकसिंह म्हणत.

या भागात नाव ज्या भाषेत लिहिलं गेलं त्या भाषेचं वळण त्याला लागतं. त्याच गावाच्या एका घराला मराठी शाळेच्या दाखल्यात 'कर' लागला, दुसऱ्याचं कानडी शाळेत नुसतं गावाचं नाव राहिलं. धंद्यावरून पडलेल्या आडनावांचंही तसंच: मराठी सुतार आणि कानडी बडिगेर, मराठी लोहार आणि कानडी कम्मार एकाच गल्लीत राहतात. कुणाची घरची भाषा कुठली हे त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकावं, पाटीवर वाचून ठरवू नये. सीमाप्रश्नात मराठी माणसाचा हक्क मांडतानाही हा आडनावाचा पुरावा पुढे करू नये. तो समोरच्याला खोडायला सर्वांत सोपा आहे, आणि त्यामुळे खऱ्या पुराव्याचंही वजन कमी होतं.

जातीचा दावा तर अगदी उथळ आहे. पाटील, चौगुले, देसाई, देशपांडे, कुलकर्णी, नाडगौडा ही हुद्द्यांची, वतनांची नावं. ज्याच्याकडे गावाची पाटीलकी तो पाटील. आपल्याकडे मराठा, लिंगायत, जैन आणि मुसलमान अशा चारही समाजांत पाटील आहेत. चिकोडीकडच्या सदलग्याचे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये, जन्म १९०६, प्राकृत आणि जैन साहित्याचे मोठे विद्वान, स्वतः जैन. 'उपाध्ये' ऐकून ब्राह्मण समजणारे बरेच भेटतात. नाईक हे आडनाव तर किती समाजांत आहे याची यादीच करू नये. १९६१ च्या कर्नाटकातल्या ग्रामहुद्दे निर्मूलन कायद्याने वतनं संपली, आडनावं तेवढी उरली.

आता भाऊकी. एका गावात पाटलांची तीन घराणी असू शकतात आणि तिघांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नसू शकतो, कारण पाटीलकी विकली जायची, वाटली जायची, दत्तकाकडे जायची. उलट एकाच रक्ताची माणसं दोन नावांनी वावरतात. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेले आणि बेळगावात फाशी गेलेले बाबासाहेब इतिहासात नरगुंदकर म्हणून ओळखले जातात, पण घराणं भाव्यांचं. रामदुर्गचे संस्थानिकही भावेच.

कदम-कदंबाबद्दल थोडक्यात. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, तिथं कदंबांचे ताम्रपट सापडले, हे खरं. पण कदम हे आडनाव साताऱ्यापासून कोकण-मराठवाड्यापर्यंत पसरलेलं आहे. दोन शब्द सारखे ऐकू येतात एवढ्यावर दीड हजार वर्षांची वंशावळ उभी राहत नाही. मधल्या पिढ्यांची नावं कुठल्या कागदात आहेत, हा एकच प्रश्न विचारावा.

मग खरं नातं शोधायचं कसं? आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना चार गोष्टी विचाराव्यात: कुळदैवत कुठलं, देवक कुठलं, कुणाच्या मयताचं दहा दिवसांचं सुतक आपण धरतो, आणि गावच्या यात्रेत आपल्या घराला कुठला मान आहे. सुतक धरलं जातं ती भाऊकी, मग आडनाव काहीही असो. देवक एक असेल तर आडनावं वेगळी असूनही सोयरीक टाळणारी घरं आहेत. आडनावावर भिस्त ठेवून पुढे गेलेली बोलणी नेमकी तिथं अडतात.

त्यानंतर कागद. गावातला सर्व्हे नंबर घेऊन उतारा काढावा. तो 'भूमी' या कर्नाटकच्या जमीन नोंदींच्या ऑनलाइन व्यवस्थेतही मिळतो. त्यावरच्या फेरफार नंबरांवरून एकेक नोंद मागे जावं. वारसा, वाटणी, खरेदी या तीन प्रकारच्या नोंदी वेगळ्या मांडाव्यात. नात्यासाठी वारसा आणि वाटणीच्या कामाच्या, खरेदीने आलेलं नाव बाजूला ठेवावं. इथं बापाच्या नावाची साखळी आडनावापेक्षा जास्त भरवशाची. एकाच सर्व्हे नंबरचे पोटहिस्से वाटणीने दोन वेगळ्या आडनावांकडे गेलेले दिसले, तर तिथं भाऊकीची शक्यता मोठी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आणि तो जमीन महसूल कायद्यात गेला १९१३ मध्ये, तेव्हा ही साखळी फार तर तिथपर्यंत नेता येते. नाडकचेरीतून (तहसीलखालच्या महसूल कार्यालयातून) मिळणारा वंशवृक्ष मात्र घरच्यांनी सांगितलेल्या माहितीवर आणि पंचांच्या जबाबावर तयार होतो. तो वारसा लावायला चालतो, जुनं मूळ गाव सिद्ध करायला त्यावर विसंबू नये.

त्याआधीचे जुने कागद बऱ्याचदा मोडीत असतात. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नसतो, आणि वाचणारा माणूस बहुतेक वेळा आजचं आडनाव डोळ्यापुढे ठेवूनच अक्षर लावतो. म्हणून मोडी जाणणाऱ्याला आपलं आडनाव आधी सांगू नका. त्याला काय दिसतं ते त्याला स्वतंत्रपणे लिहू द्या, मग ताडून पाहा.

कागद कुणाच्या कारभारातले, हेही आधी ठरवावं लागतं. शहापूर सांगली संस्थानात होतं, रायबाग कोल्हापूर संस्थानात, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं आणि मग कोल्हापूर जिल्ह्यात गेलं. शहापूरच्या घराण्याचं नाव बेळगाव कलेक्टरीच्या जुन्या दप्तरात सापडलं नाही, म्हणून ते घराणं 'बाहेरून आलेलं' ठरत नाही.

शेवटचा गोंधळ लिप्यांचा. नाव कानडीत लिहिलं जातं, तिथून इंग्रजीत जातं आणि इंग्रजीवरून परत देवनागरीत येतं. इंग्रजीत ल-ळ आणि त-ट एकाच अक्षराने लिहितात, म्हणून हलगेकरचा हळगेकर आणि मुतगेकरचा मुटगेकर होतो. सख्खे चुलतभाऊ कागदावर वेगळ्या आडनावांचे होतात आणि वारसा लावताना दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करावं लागतं. मजकुरात वाचलं म्हणून कुणी आडनावाला 'कर' जोडायला किंवा काढायला गेला, तर हाच त्रास तो स्वतःहून ओढवून घेतो. दुरुस्ती खरोखरच हवी असेल तर मूल शाळेत असतानाच दाखल्यात करून घ्यावी. दहावीचं गुणपत्रक हातात आल्यावर ती फार अवघड जाते. आधार, पॅन, उतारा हे त्यानंतर, त्याच दाखल्यातल्या अक्षराप्रमाणे, आणि कानडी स्पेलिंग प्रत्येक अर्जावर स्वतःच्या हाताने लिहून द्यावं.