उजनीचा हिरवा थर म्हणजे फुकटचं स्पिरुलिना नव्हे

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी राहणाऱ्या माझ्या आत्याने परवा फोनवर विचारलं, "ते हिरवं पाणी गाईंना चांगलं असतं म्हणे, प्रोटीन असतं त्यात?" म्हणजे सध्या फिरणारा तो मेसेज तिच्यापर्यंतही पोचला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: उजनीचं पाणी हिरवं होतं ते उन्हामुळे, सांडपाण्याचा नि खतांचा संबंध नाही. हा थर म्हणजे प्रोटीनसाठी खाल्लं जाणारं, दुकानात महाग मिळणारं स्पिरुलिना. शंका असेल तर उकळून प्या. जलपर्णी पाणी शुद्ध करते, काढू नका. आणि गूळ-ताकाचं जिवाणू द्रावण सोडलं की सांडपाणी प्रक्रिया केंद्रांवर कोट्यवधी उधळायला नकोत. खाली 'शास्त्रज्ञांचा सल्ला'. कोणते शास्त्रज्ञ, ते अर्थातच नाही.

आधी स्पिरुलिना, कारण यात जीव जाऊ शकतो. स्पिरुलिना नीलहरित शेवाळांच्या कुळातलं आहे, एवढं खरं. पण त्याच कुळात मायक्रोसिस्टिसही येतं. सांडपाण्यावर माजलेल्या जलाशयांत ते नेहमी सापडतं आणि त्याच्या अनेक जाती यकृतावर घाला घालणारं मायक्रोसिस्टिन हे विष बनवतात. दोन्ही एका कुळातली म्हणून प्यायची, तर मग रानात दिसेल ती अळंबीही भाजीत टाका. स्पिरुलिना वेगळ्या टाक्यांत, खारट-अल्कधर्मी पाण्यात, राखण करून वाढवतात. पुण्याच्या मैलापाण्यावर नाही. आणि गाईंचं म्हणाल, तर १८७८ सालीच जॉर्ज फ्रान्सिस यांनी 'नेचर'मध्ये लिहून ठेवलंय की ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावरचा असाच थर पोटात जाऊन मेंढ्या, घोडे आणि गुरं मेली. हिरवं पाणी दर वेळी विषारी असतंच असं नाही. पण ते डोळ्यांनी कळत नाही.

'उकळून प्या' तर त्याहून वाईट. उकळल्याने हे विष मरत नाही. पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं, आणि वाफ गेली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराला एरी सरोवरातून येणाऱ्या पाण्यात मायक्रोसिस्टिन सापडलं, तेव्हा सुमारे ५ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगितलं गेलं, आणि उकळूही नका हे बजावून सांगितलं गेलं. आपल्याकडे मात्र उलटा सल्ला बिनदिक्कत पुढे ढकलायचा.

आता ऊन. उन्हाळ्यात थर वाढतो, मान्य. पण ऊन धरणाच्या आधीही होतंच. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात तळ्यांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये '२२६' क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) टाकलं, दुसऱ्यात कर्ब, नत्र आणि वर स्फुरद (फॉस्फरस). ऊन तेच, वारा तोच, पाऊस तोच. काही आठवड्यांत स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच राहिला. हवाई फोटोत ती रेघ स्पष्ट दिसते. आता पुणे-पिंपरीचं पाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. मैल्यात स्फुरद आहे, काही साबण-पावडरींत आहे. पाऊस झाला की काठच्या उसाच्या रानातली मातीही ते घेऊन उतरते, कारण स्फुरद मातीला धरून बसतं. नत्राचं उलट, ते पाण्यात विरघळून पाटाच्या पाण्याबरोबर निघून जातं. सुरू (हिवाळ्याच्या शेवटी लावलेल्या) उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. ते हप्त्याहप्त्याने, ठिबकमधून द्यायचं की युरियाच्या २६६ रुपयांच्या गोण्या एकदम फोकून मोकळं व्हायचं, यावर किती वाहून जाणार ते पुष्कळ अवलंबून आहे. शेतकऱ्यालाच आरोपी करा असं मी म्हणत नाही. पण 'संबंध नाही' म्हणणं हा खोटेपणा आहे.

जलपर्णी नत्र-स्फुरद शोषते, हे अर्धं खरं. पण ती पाण्याबाहेर काढली तरच त्याचा उपयोग. तिथेच कुजली की घेतलेलं सगळं परत पाण्यात, वर कुजताना ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात ते वेगळंच.

गूळ-ताकाचं काय सांगू! स्फुरद हे मूलद्रव्य आहे, कुठलाही जिवाणू ते नाहीसं करत नाही. प्रक्रिया केंद्रातही जिवाणूच ते अंगात घेतात, पण तिथे गाळ बाहेर काढतात. धरणातला गाळ कोण काढणार? आणि वर गूळ टाकून आपण कुजायला आणखी माल पुरवतो.

पैशांवरचा राग मात्र मला कळतो. जपानच्या मदतीचा ९९० कोटींचा मुळा-मुठा प्रकल्प, ११ केंद्रं, रोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमता, जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झाला आणि २०२२ ची मुदत हुकली. पण केंद्रं उशिरा झाली म्हणून नकोतच, हे कुठलं तर्कशास्त्र? उलट आणखी कडक विचारायला हवं. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने सांडपाण्याच्या मानकांतून नत्र आणि स्फुरद दोन्ही वगळले होते. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नत्र लिटरला १० मिलिग्रॅम, आणि तळ्यात किंवा सरोवरात सोडायचं असेल तर स्फुरद १ मिलिग्रॅम, अशी मर्यादा सांगितली. तुमच्या पालिकेच्या केंद्राचा अहवाल मागवाल तेव्हा बीओडीच्या (पाण्यातला कुजणारा माल पचवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) आकड्यावर थांबू नका, स्फुरदाचा आकडा कुठे आहे ते विचारा.