घरचा डबा संपल्यावर हैदराबाद

कापसाचा शेवटचा वेचा झाला, तूर घरात आली आणि फेब्रुवारीत आम्ही पाच जण चार दिवस हैदराबादला जाऊन आलो. मी, बायको, दोन लेकरं आणि आई. पांढरकवड्याकडच्या माणसाला हैदराबाद काही परदेश नाही. ४४ नंबरचा महामार्ग आमच्या उशाशीच आहे, पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगणा लागतं. तरी चाळिशी उलटेपर्यंत मी त्या रस्त्यानं तिकडे जाणारे ट्रकच पाहत बसलो होतो.

आल्यापासून एक गोष्ट डोक्यात आहे, आणि तिच्यावरून घरात वादही झाला आहे. सहलीचा शेवटचा दिवस नुसता खाण्यापिण्यासाठी ठेवावा. त्या दिवशी तिकीट काढून पाहायचं काहीही नको.

आम्ही गावची माणसं शहर पाहून येतो, पण तिथलं खाऊन येत नाही. निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत आमच्या घरी तिखट पुऱ्या तळणं चालू होतं. सोबत जवसाची चटणी, चिवडा, लाडू. गोवळकोंड्याचा किल्ला चढून उतरलो आणि सावली पाहून जवसाची चटणी सोडली. सालारजंग म्युझियम पाहिलं, बाहेर येऊन पुऱ्या. तिसरा दिवस फिल्मसिटीत गेला. रात्री लॉजच्या खालच्या हॉटेलात पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी. तीच लाल भाजी वणीला मिळते, तीच हायवेच्या कोणत्याही ढाब्यावर मिळते. तीन दिवस आम्ही हैदराबादेत राहून जेवलो मात्र यवतमाळ जिल्ह्यातच.

चौथ्या दिवशी सकाळी डब्याच्या तळाशी नुसता चिवड्याचा चुरा उरला. बस रात्रीची होती. बायकोचं म्हणणं, सामान बांधून लवकर इमलीबन स्टँडवर जाऊन बसावं. आमच्याकडे गाडीच्या तीन तास आधी पोचणं ही शिस्त समजली जाते. मी म्हटलं, आज फक्त खायचं.

पहिला थांबा चारमिनारजवळचं निमरा कॅफे. १५९१ सालची ती इमारत पाहत उभ्यानं चहा प्यायचा. इराणी चहाची तऱ्हा आपल्यापेक्षा वेगळी. आपण पाणी, दूध, साखर, पत्ती एकाच गंजात घालून उकळतो. इथं चहाचा अर्क वेगळा, झाकण लावून मंद आचेवर बराच वेळ ठेवलेला, आणि दूध वेगळं, आटून घट्ट झालेलं. दोन्हींची भेट थेट कपात. सोबत उस्मानिया बिस्किट, थोडं गोड, थोडं खारट, चहात बुडवलं की लगेच विरघळणारं. पोराची दोन कपात पडून गेली. आईनं आधी कप नीट निरखून पाहिला, मग पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "चहा कायचा, बासुंदी हाय हे." दुसरा कप तिनंच मागितला.

हे बिस्किट ज्याच्या नावानं ओळखलं जातं तो मीर उस्मान अली खान, शेवटचा निजाम. आणि आम्ही वऱ्हाडी लोक एका अर्थानं जुन्या घरमालकाच्याच गावी गेलो होतो. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, १९०२ साली ते वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं दिलं. आमच्या काळ्या जमिनीचं भाडं हैदराबादला जायचं म्हणा ना. उस्मान अलीच्या थोरल्या मुलाला १९३६ मध्ये 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताबही मिळाला. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. मी हे सगळं चहा पिता पिता लेकरांना सांगितलं. पोरगी म्हणाली, "बाबा, मग आपल्याले बिस्किट फुकट नाही का देत?"

बिर्याणीवर मी लिहीत नाही, लिहिणारे पुष्कळ आहेत. सोबत आलेल्या मिरचीच्या सालनवर मात्र लिहायला हवं. बायकोनं बोट बुडवून चाखलं आणि वाटण ओळखलं. शेंगदाणा, तीळ, खोबरं, चिंच. याच वाटणात ते छोटी वांगी घालून बगारा बैंगन करतात. आमच्या घरी मसाल्याच्या वांग्याला चिंच पडत नाही, एवढाच काय तो मोठा फरक.

आई माळकरी, म्हणून तिच्यासाठी एक साधी आंध्रा मेस शोधली. वाफाळता भात, पप्पू म्हणजे त्यांचं घट्ट वरण, वरून तूप. बायकोनं वाढप्याला विचारलं, "वरणावर सांबार नाही टाकत का?" आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिला तीच हवी होती. त्यानं मान डोलावली आणि भातावर डावभर सांबार ओतलं. लेकरं अजून हसतात त्यावर.

मग त्यानं पानाच्या कडेला काळपट हिरव्या चटणीचा गोळा ठेवला. आईनं तो भातात कालवला, घास घेतला आणि थांबली.

"अव माय, हे तं अंबाडी हाय!"

गोंगुरा. आमच्या धुऱ्यावर उगवणारी, पावसाळ्यात कण्या आणि डाळ घालून शिजणारी, लसणाच्या फोडणीची अंबाडी. इथं ती लाल मिरचीसोबत तेलात परतून वाटलेली, तुपाभातासोबत खायची. आईला तोडकंमोडकं तेलुगू येतं, आमच्या भागात जुन्या माणसांना येतंच. तिनं वाढप्याला म्हटलं, "बागुंदी," म्हणजे छान आहे. त्यानं आणखी एक गोळा वाढला. मग दोघांचं काहीतरी सुरू झालं, तिला निम्मं कळत होतं, त्याला निम्मं, पण मिरची किती आणि मीठ केव्हा हे सगळं ठरलं. चार दिवसांत आई कोणाशी एवढं बोलली नव्हती. किल्ल्यावर ती फक्त "पायऱ्या किती रे अजून" एवढंच म्हणाली होती.

संध्याकाळी मोअज्जम जाही मार्केटला चिकूचं आइसक्रीम. थंड आणि छान, अधिक काही नाही.

आता बायकोचा मुद्दा. "पोट बिघडलं तं रातच्या बसमध्ये काय कराल?" हा आक्षेप खरा आहे, त्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. दुपारी पोटभर, संध्याकाळनंतर जवळपास काही नाही, असा हिशेब आम्ही ठेवला. आम्हाला काही झालं नाही. तुमचं तुम्ही पाहा.

आणि शहरवाले तरी काय वेगळं करतात? आमच्याकडच्या टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. सकाळी जिप्सी, दुपारी पनीर आणि दाल तडका. दोन किलोमीटरवर कोणाच्या तरी चुलीवर ज्वारीची भाकर आणि वांग्याचं भरीत होत असतं, ते त्यांना दिसत नाही. वाघ नाही दिसला म्हणून कुरकुरत परत जातात. मला ते पाहून चिडचिड व्हायची. यंदापासून कमी होईल, कारण गोवळकोंड्याखाली बसून जवसाची चटणी खाणारा मीच होतो.

आईनं पाटा धुऊन ओसरीत ठेवला आहे. अंबाडी पावसाळ्याशिवाय निघत नाही हे तिला ठाऊक आहे, तरी. बिस्किटांचे दोन डबे शेजारपाजारी वाटायला आणले होते, ते आम्हीच तीन दिवसांत संपवले. शेजाऱ्यांनी ही पोस्ट वाचू नये.