मैत्रिणींनो, रविवारी कॉलेजच्या फाटकापाशी या

मैत्रिणींनो, आणि आमच्या आधी इथे शिकून गेलेल्या ताई-मावश्यांनो,

बडोद्यातल्या आपल्या कॉलेजचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना ते सांगावं लागणार नाही.

पुढच्या जूनपासून पहिल्या वर्षाचे प्रवेश घ्यायचे नाहीत असं ठरतंय. आता ज्या मुली आहेत त्या पास होऊन बाहेर पडल्या की कॉलेजचं विश्वामित्री नदीपलीकडच्या एका सहशिक्षणाच्या कॉलेजात विलीनीकरण. मुली कमी झाल्या, निवृत्त झालेल्या बाईंच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, छताची दुरुस्ती परवडत नाही, ही कारणं. ती खोटी नाहीत. मी ३१ वर्षं बँकेत काढली, ताळेबंद वाचता येतो. तूट खरी आहे. पण ती बुडवणारी तूट नाही. इतकी वर्षं कोणी मदत मागितली नाही आणि आपणही होऊन विचारलं नाही, त्यातून ती साचली आहे.

‘विलीनीकरण’ या शब्दाला माझी पहिली हरकत आहे. बडोद्यात राहून शब्दाची किंमत आपल्याला कळायला हवी. हंसाबेन मेहता इथल्या दिवाणांच्या कन्या, बडोदा कॉलेजच्या पदवीधर, पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा चालू असताना ‘ऑल मेन’ हे शब्द बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करा, म्हणून त्या हटून बसल्या आणि १९४८ च्या जाहीरनाम्यात तसं छापलं गेलं. इतिहासाच्या तासाला बाईंनी हे सांगितलं तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला होता. म्हणून म्हणते, जे बंद होणार आहे त्याला बंदच म्हणा.

आता खरा प्रश्न. माझ्या सुनेनेच विचारला, आणि प्रामाणिकपणे विचारला: ‘आई, आज सगळीकडे मुली शिकताहेत, मग वेगळं कॉलेज कशाला?’

मी १९७९ साली बारावी झाले. आमच्या वाडीतल्या घरात कोणी दुष्ट नव्हतं. आजीला भीती वाटायची, वडिलांना आजीची काळजी वाटायची, आणि माझं शिक्षण त्या दोघांच्या मधे अडकलं होतं. ‘मुलींचं कॉलेज आहे’ या एका वाक्यावर आजीने होकार दिला. इथे आल्यावर कळलं, की गॅदरिंगचा मंडप बांधण्यापासून फ्यूज बदलण्यापर्यंत आणि निवडणुकीला उभं राहण्यापासून हिशेब मांडण्यापर्यंत सगळं आपणच करायचं असतं, कारण दुसरं करणारं कोणी नसतंच. बँकेत मॅनेजरसमोर उभं राहून ‘हा आकडा चुकलाय’ म्हणायचं बळ मला तिथून आलं.

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर सकाळी फाटकाशी उभ्या राहा. मी मागच्या मंगळवारी राहिले. पादऱ्याहून, डभोईहून एसटीने येणाऱ्या मुली भेटल्या. एकीने सरळ सांगितलं, घरून परवानगी आहे ती एवढीच: ‘गर्ल्स कॉलेज होय तो ज भणवानुं’, म्हणजे मुलींचं कॉलेज असेल तरच शिकायचं. तिला नदीपलीकडे जागा मिळेल हो, पण ती तिथे जाणार नाही. तिचं लग्न होईल. मुलीला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड करणारा कायदा सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात लागू केला. त्या गावात १२० वर्षांनी मुलींचं कॉलेज बंद होणार आणि आपण ग्रुपवर रडका चेहरा टाकून झोपणार?

हे थांबवता येतं. थांबवलं गेलंय.

अमेरिकेत व्हर्जिनियात स्वीट ब्रायर नावाचं मुलींचं कॉलेज आहे. इंडियाना फ्लेचर विल्यम्स या बाईंची एकुलती एक मुलगी डेझी सोळाव्या वर्षी गेली. तिच्या आठवणीसाठी आपली सगळी जमीन मुलींच्या शिक्षणाला द्यावी असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं, आणि १९०१ मध्ये संस्था उभी राहिली. ३ मार्च २०१५ ला संचालक मंडळाने अचानक जाहीर केलं, की उन्हाळ्यात कॉलेज बंद. माजी विद्यार्थिनी काही दिवसांत एकत्र आल्या. कोणी किती देणार याचे लेखी आकडे गोळा केले. तिथल्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सरकारी वकीलबाई ते मृत्युपत्र पुढे ठेवून कोर्टात गेल्या. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. जूनमध्ये तडजोड झाली: माजी विद्यार्थिनींनी १ कोटी २० लाख डॉलर उभे करायचे, जुन्या मंडळातल्या बहुतेकांनी जायचं, कॉलेज चालू ठेवायचं. ते आजही चालू आहे आणि मुलींचंच आहे.

दुसरी बाजूही सांगते. कॅलिफोर्नियातल्या १८५२ च्या मिल्स कॉलेजात मुलांना प्रवेश द्यायचं १९९० मध्ये ठरलं, तेव्हा विद्यार्थिनींनी दोन आठवडे संप करून तो निर्णय फिरवला. पण २०२१ मध्ये पैशाचं संकट आलं, माजी विद्यार्थिनी लढल्या, तरी २०२२ मध्ये ते एका मोठ्या विद्यापीठात विलीन झालं. तिथेही शब्द हाच होता. उशीर झाला की प्रेम असूनही हातात काही राहत नाही, हे मला त्यातून दिसतं.

आणि एवढं लांब कशाला जायचं? कर्व्यांच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. तरुणपणी विधवा झालेली, मोठेपणी अक्षर गिरवलेली बाई १९१८ मध्ये एकटी अमेरिकेला गेली, तिथे लोकांच्या घरी कामं केली आणि संस्थेसाठी पैसे जमवले. आपल्याला तर फोनवरून पाठवायचे आहेत.

पण पैसे आज पाठवू नका. आधी आकडा लिहून द्या: दरमहा किती, किती वर्षं. महिना ३०० रुपयेही चालतील. पाच वर्षांसाठी दिलेले ३०० मला एकदाच दिलेल्या दहा हजारांपेक्षा जास्त मोलाचे वाटतात, कारण त्यावर शिक्षिकेचा पगार ठरवता येतो. न्यू जर्सी, टोरांटोच्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवा: ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे, ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी देणगी धरले जातात आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट असेल तर ही अडचण नाही. म्हणून आकड्यासोबत पासपोर्ट कुठला तेही कळवा.

दुसरं, कागद. इमारत ट्रस्टची आहे. सार्वजनिक न्यासाची जागा चॅरिटी कमिशनरच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. विकायचं ठरलंय असं मी म्हणत नाही. पण न्यासपत्रात ‘मुलींच्या शिक्षणासाठी’ असे शब्द आहेत का, हे आपल्याला माहीत हवं. नोंदणीच्या नकलेसाठी मी अर्ज करणार आहे. तुमच्यात वकील, सीए बऱ्याच आहेत, त्यांनी हे वाचून देण्याची जबाबदारी घ्यावी.

विश्वस्तांबद्दल वाईट बोलू नका, ही हात जोडून विनंती. त्यांच्यातल्या काहींनी पदरचे पैसे घातले आहेत. आपण मदतीला गेलो तर त्यांनाही बरंच वाटेल, असा माझा अंदाज आहे.

रविवारी सकाळी दहाला फाटकापाशी जमू. सोबत गुणपत्रिका किंवा ओळखपत्राची झेरॉक्स आणा, म्हणजे माजी विद्यार्थिनी संघाची यादी त्याच दिवशी तयार होईल. आई किंवा आजी इथे शिकली असेल तर तिचीही आणा. माझ्या आईची १९५६ सालची मी आणणार आहे. ज्यांना चालवत नाही त्यांना कारेलीबाग आणि मांजलपूरहून आणायला दोन गाड्या ठरवल्या आहेत, शनिवार संध्याकाळपर्यंत मेसेज करा. आकडे लिहायची वही माझ्याकडे असेल.